खोट्याला कलम

"ह्येका कलम खयचा लागता, तेवढा सांग," असे म्हणून भागूकाकीने हातातली पिशवी हवालदारांच्या टेबलावर ठेवली.

पिशवीतून थोडी ओली माती सांडली आणि हापूसच्या कलमाची चार तांबूस पाने बाहेर डोकावली. हवालदार साताऱ्याकडचे, आमच्या चौकीत बदलून येऊन त्यांना दोनच महिने झाले होते. त्यांनी आधी पानांकडे पाहिले, मग भागूकाकीकडे आणि शेवटी माझ्याकडे. या तिन्हींत मीच सर्वांत संशयास्पद वाटलो असणार, कारण त्यांनी प्रश्न मला विचारला.

"काय परकार हाय?"

"तक्रार द्यायची आहे," मी म्हणालो. माझा आवाज तेव्हा इतका खाली असे की समोरच्याला तो उचलून घ्यावा लागे. "या भागीरथी मेस्त्री. केरवण्याच्या पलतडवाडीत राहतात. मी गावच्या वाचनालयात असतो. लोकांचे अर्ज लिहून देतो."

अर्ज मी सकाळीच लिहिला होता. माझे अक्षर चांगले होते, आणि गावात माझी तेवढीच ख्याती होती. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. पंचायत समितीचे सभासद श्री. विश्राम धुरी यांनी गेल्या वर्षीच्या निवडणुकीत, श्री देव रवळनाथाच्या समक्ष, पलतडच्या व्हाळावर येत्या जत्रेआधी साकव बांधून देण्याचे वचन दिले. एक जत्रा होऊन गेली, दुसरी तोंडावर आली, साकव नाही. सबब खोटे बोलल्याबद्दल त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हावा.

"साकव म्हंजी?"

"ओढ्यावरचा छोटा पूल. माणसाला चालत जाण्यापुरता."

हवालदारांनी अर्जाची घडी घातली, ती पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली.

"आज्जे, चोरीला कलम हाय. मारामारीला हाय. दुसऱ्याच्या रानात बैल सोडला तर त्यालाबी हाय. पर परचारात पुढारी खोटं बोलला, ह्याला माझ्याकडं कलम न्हाई. असतं तर ह्या चौकीत मला बसाय जागा ऱ्हायली असती का?"

"नाय?" भागूकाकी म्हणाली. "येवढा मोठा सरकार, आणि एक कलम नाय? माका वाटलाच होता. म्हणान घरसून घेवन इलंय." तिने पिशवी पुढे सरकवली. "माझ्या हातचा आसा. मरूचा नाय. लावा खय तरी."

भागूकाकी पंचक्रोशीत आंब्याची कलमे बांधण्यासाठी प्रसिद्ध होती. गावठी कोयीच्या रोपावर ती हापूसची काडी अशी बसवी की आठ दिवसांनी झाडालाही आठवत नसे, आपण मूळचे कोण. कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम यांत तिचा खरेच घोटाळा झाला होता, की ती हवालदारांची फिरकी घेत होती, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

हवालदारांनी पिशवी अदबीने तिच्या हातात परत दिली. "देवासमोर बोललाय न्हवं त्यो? मग देवाच्याच कोर्टात जावा. तिथं कलम लागत न्हाई."

बाहेर आल्यावर काकी पायरीवर क्षणभर थांबली. "शाणो माणूस," ती म्हणाली. "अच्युता, चल. लवू गुरवाक सांगाक व्हया."

मी चाललो, पण माझे पाय मागे राहिले होते. मला वाटले होते, अर्ज फायलीत जाईल, फाइल कपाटात आणि कपाट कायमचे बंद. देवाच्या सभेत कपाट नसते.

*

पलतड म्हणजे पलीकडचा तड, पलीकडचा काठ. आमच्या गावाची ती वाडी व्हाळाच्या पलीकडे होती. उन्हाळ्यात व्हाळ गुडघाभर पाण्याचा, दगडांशी गप्पा मारणारा. पावसाचे चार महिने मात्र तो कोणाशी बोलत नसे. तेव्हा पलतडच्या माणसाने गावात यायचे तर सात किलोमीटरचा वळसा. आणि कलमे लावायचे दिवस नेमके तेच. काकीची निम्मी कलमे दर पावसात घरामागच्या परड्यातच अडकून राहत, गिऱ्हाईक अलीकडच्या काठावर उभे राहून हात हलवी आणि निघून जाई. तिचा जीव साकवात अडकला होता तो यासाठी.

दोन्ही काठांना जोडणारी एकच गोष्ट होती: आंब्याच्या दोन झाडांना बांधलेली तार आणि तिच्यावरून दोरीने ओढायचा पत्र्याचा डबा. त्यातून दूध येई, मीठ-काडेपेटी जाई आणि दर शुक्रवारी वाचनालयाचे एक पुस्तक जाई. ते भागूकाकीच्या पुतणीसाठी असे. तिचे नाव मैथिली. त्या डब्याचे झाकण इतके घट्ट होते की ते उघडायला तिला घरून पळी आणावी लागे. ती पळी अडकवून झाकण उचकटी, पुस्तक काढी, आधीचे ठेवी आणि त्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत नेहमी एकच मजकूर असे: "हे वाचले. दुसरे द्या."

या चार शब्दांचे मी पावसाळाभर किती अर्थ लावीत असे, ते सांगण्यात आता हशील नाही. व्हाळाच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, आणि गेली असती तरी माझी गेली नसती.

*

त्या वचनाची हकिगत अशी.

आदल्या वर्षी माघात विश्रामभाऊंनी प्रचाराचा नारळ रवळनाथासमोर ठेवला. गोल चेहऱ्याचा, हसऱ्या डोळ्यांचा हा माणूस मुळात वाईट नव्हता. फक्त त्याला 'नाही' म्हणता येत नसे. कोणी काही मागितले की तो 'होतला, होतला' म्हणे आणि तसे म्हणताच आपण ते केलेच असे त्याला मनापासून वाटू लागे.

आमच्याकडे नारळ ठेवला की गाऱ्हाणे घालावे लागते. गुरव देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेली सारी माणसे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लवू गुरवाला पिढीजात गाऱ्हाणी तोंडपाठ होती. पण सौरदिवे आणि मोबाईल टॉवर हे शब्द त्याच्या बापजाद्यांनी देवाला कधी सांगितले नव्हते, आणि त्याला वाचता येत नव्हते. म्हणून विश्रामभाऊंनी मला बोलावले.

"अच्युता, मी सांगतंय ती वचना लिही. आणि लवूच्या मागे उभो रवान त्याच्या कानात सांग. तुझो आवाज कोणाक ऐकू जाणा नाय, ता बरा आसा."

मी लिहिले आणि लवूच्या पाठीशी उभा राहिलो.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा!" लवूने सुरुवात केली. "ह्यो तुझो लेकरू विश्राम आज तुझ्या पायाकडे इललो आसा..."

मी कुजबुजायचो आणि लवू गरजायचा. वाडीत रस्ता. व्हय म्हाराजा! घरोघरी नळ. व्हय म्हाराजा! माझा श्वास जणू त्याच्या छातीतून मेघ होऊन बाहेर पडत होता. जन्मात पहिल्यांदाच मी बोललेल्या शब्दाला दोनशे माणसे उत्तर देत होती, आणि मी कोणाला दिसतही नव्हतो. लाजाळू माणसाला याहून मोठे सुख देव देऊ शकत नाही.

शेवटचे वचन साकवाचे होते.

"...आणि पलतडच्या व्हाळार येत्या जत्रेआधी साकव बांधून देतलो, असो शब्द देता हा, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" मंडपाच्या कौलांवरची कबुतरे उडाली. पलतडची माणसे तर पायांच्या टाचा उंच करून ओरडली. विश्रामभाऊंनी मिटलेले डोळे किंचित उघडून ती गर्जना ऐकली, आणि त्या दिवसापासून साकव प्रत्येक सभेत पहिला आला. सोळा सभा झाल्या. भोंगा लावलेल्या रिक्षेतूनही साकवच फिरला. विश्रामभाऊ निवडून आले ते, असे जाणकार म्हणत, साकवावरूनच चालत आले.

*

देवासमोरची सभा जत्रेआधी वीस दिवस भरली. सकाळची दहाची वेळ. मंडपात मधोमध सतरंजी, एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. निवृत्त शिक्षक पेडणेकर गुरुजी मध्यस्थ होते, कारण त्यांनी गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी छडी मारली होती आणि म्हणून ते सर्वांना सारखेच लेखतात असे मानले जाई. मी एका खांबाच्या आड उभा होतो. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या खांबाशी, मैथिली होती. मंडपाच्या इतक्या खांबांत ते दोनच मला दिसत होते.

विश्रामभाऊ मोटारसायकलवरून आले, देवाला हात जोडले, भागूकाकीच्या पाया पडले आणि आरोपी म्हणून कुठे बसायचे ते विचारून तिथे मांडी घालून बसले.

"बोल विश्रामा," गुरुजी म्हणाले. "साकव खय आसा?"

"गुरुजी, आदी माका सांगा, प्रचारातला बोलणा म्हणजे काय?" विश्रामभाऊंनी हात पसरले. "लग्नातलो उखाणो! नवरी म्हणता, सोन्याच्या ताटात चांदीची वाटी. म्हणान सासू घरात जावन ताट शोधता काय?"

मंडप हसला. भागूकाकी हसली नाही.

"उखाण्यात घोवाचा नाव तरी खरा आसता रे विश्रामा!"

आता बायका हसल्या, आणि त्यांचे हसू पुरुषांपेक्षा बराच वेळ टिकले.

"बरा, ता सोडा," विश्रामभाऊ म्हणाले. "मी म्हटलंय, येत्या जत्रेआधी. येती जत्रा सरता खय? दर वर्षी एक येताच आसा. मुदत अजून सरली नाय, मगे माझो गुन्हो खयचो?"

"आणि बाकीची वचना? रस्तो? नळ?"

"स्मशानात शेड बांधलंय की!"

"व्हय तर," काकी म्हणाली. "जित्या माणसाक साकव नाय, मेल्याक शेड. मेल्यावर तरी पलतडच्या माणसान व्हाळ ओलांडूचो कसो? पोहत?"

विश्रामभाऊंनी घाम पुसला. मग त्यांचा चेहरा एकाएकी उजळला. ते उभे राहिले आणि भर सभेत एकेकाकडे बोट दाखवीत म्हणाले, "मी खोटो, बरा तर. पण मी देवाक शब्द दिलंय तेव्हा 'व्हय म्हाराजा' कोणी म्हटल्यान? तुमी! सगळ्यांनी! गाऱ्हाण्यात जो व्हय म्हणता, तो त्या शब्दात भागीदार. मगे मी एकटो खोटो कसो? अख्खो गाव खोटो!"

गावाच्या रीतीप्रमाणे हे खरे होते. दोनशे माणसांना आपण आरोपी असल्याचे एकाच क्षणी समजले.

"मी नाय हां," बाबी परब घाईने म्हणाला. "माझ्या तोंडात तेव्हा पान होता."

"मी नुसतो खोकललंय."

"मी 'व्हय' म्हटलंय, 'म्हाराजा' नाय म्हटलंय," एक जण म्हणाला, आणि ही पळवाट आपल्याला का सुचली नाही म्हणून शेजारचे त्याच्याकडे हेव्याने पाहू लागले.

"गप रवा!" गुरुजी ओरडले, पण त्यांचा स्वर नेहमीचा नव्हता. त्यांनीही त्या दिवशी 'व्हय' म्हटले होते, आणि चांगले मोठ्याने म्हटले होते.

विश्रामभाऊंनी आता शेवटचा डाव टाकला. खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. तो मी खांबाआडूनही ओळखला.

"आणि गुरुजी, ह्यो त्या दिसाचो कागद. मी सांगलंय ती वचना. अच्युताच्या हातची. वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. "एक, वाडीत रस्ता. दोन, घरोघरी नळ. तीन, सौरदिवे. चार, मोबाईल टॉवर. पाच, स्मशानशेड." त्यांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. "साकव नाय."

"नाय ना? मी साकव सांगलंयच नाय! देवाशप्पत, लवूच्या तोंडात साकव इलो तेव्हा मी सोता दचकलंय. लोक येवढे ओरडले म्हणान मगे म्हटलंय, असो तर असो."

सगळ्यांच्या माना लवू गुरवाकडे वळल्या. लवू आधी गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढू लागले.

"म्हणजे... कागदार नाय, विश्रामान सांगूक नाय, आणि माझ्या तोंडातसून भायर पडलो?" त्याने गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले. "देवानच वदवल्यान!"

एक कुजबुज मंडपभर फिरली. दोन-तीन बायकांनी लवूला नमस्कार केला. पेडणेकर गुरुजी मात्र गणिताचे शिक्षक होते. त्यांना पायरी सोडून पुढे जाता येत नसे.

"थांबा," ते म्हणाले. "साकवाचा वचन देवान दिल्यान. साकव झालो नाय. म्हणजे मगे आरोपी कोण?"

सारा गाव गाभाऱ्यातल्या पाषाणाकडे पाहू लागला. रवळनाथ शेंदराखाली नेहमीइतकाच लाल होता. पण त्या क्षणी मला तो माझ्यामुळे लाजल्यासारखा वाटला.

"कौल लावा," भागूकाकी शांतपणे म्हणाली. "देव आपला काय ता सांगात."

*

कौल लावणे म्हणजे पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लवूने पाकळ्या चिकटवल्या, दोन पावले मागे आला आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा! ह्या मंडपात, तुझ्या समोर, जर कोण खोटा बोललो आसात, तर उजवी देवन मोकळो कर रे म्हाराजा!"

कोणीही काही म्हणाले नाही.

असे आमच्या गावात पूर्वी कधी घडले नव्हते. दोनशे माणसे ओठ घट्ट मिटून उभी होती. 'व्हय' म्हणण्याचा परिणाम काय होतो हे नुकतेच सर्वांना कळले होते. लवूने वळून डोळे वटारले. तेव्हा कुठे मागून एक बारीक "व्हय..." आला, आणि त्यामागून 'म्हाराजा' आलाच नाही.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाच मिनिटे गेली, दहा गेली. समईची वात सरकवावी लागली. बाहेर एक गाय हंबरली, तेव्हा सगळे उगाच दचकले.

"देव देणा नाय," लवू अखेर म्हणाला. "कोण तरी काय तरी दडवता हा. ता भायर पडल्याशिवाय देव बोलूचो नाय." आणि हे म्हणताना तो गावाकडे नव्हे, तर त्या दिवशी त्याच्या कानाजवळ जिथे मी होतो, त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

मला त्या क्षणी दोन वाटा दिसत होत्या. गप्प राहिलो तर साकवाचे श्रेय देवाला जाईल आणि आरोपही देवावर जाईल, आणि देवाकडून कोणी साकव वसूल करू शकणार नाही. बोललो तर विश्रामभाऊ सुटतील, मग तर साकव नाहीच. दोन्ही वाटा व्हाळाच्या अलीकडेच संपत होत्या आणि काकीची कलमे पलीकडेच राहत होती. पण देवाला खोट्याच्या आरोपात उभे करणे माझ्याच्याने सोसवेना. मी खांबाआडून बाहेर आलो.

"साकव मी घातला," मी म्हणालो.

"काय?" मागची माणसे म्हणाली. "मोठ्यान बोल!"

"साकव मी घातला!" माझा आवाज मंडपाच्या कौलांना लागून परत माझ्याकडे आला, आणि तो मला ओळखता आला नाही. "भाऊंनी पाचच वचने सांगितली होती. सहावे मी लवूकाकांच्या कानात सांगितले. देवाने नाही."

हसण्याची अशी लाट उसळली की 'नुसतो खोकललंय' म्हणणाऱ्याला आता खराच खोकला आला. लवू गुरवाचे तेज उतरले. विश्रामभाऊ टाळी देण्यासाठी शेजारी माणूस शोधू लागले.

फक्त भागूकाकी हसली नाही. कलमाची काडी निवडताना पाहते तसे तिने मला बारकाईने पाहिले.

"कित्याक रे अच्युता?"

एवढा एकच प्रश्न मी विचारात घेतला नव्हता. समोर देव, मागे गाव, आणि त्या दुसऱ्या खांबाशी ती. तिने ओढणीचे टोक ओठांवर धरले होते. खरे उत्तर माझ्या जिभेवर आले, वळले आणि परत गेले.

"पुस्तके भिजतात," मी म्हणालो. "पावसात. डब्यातून पाठवताना. वाचनालयाचे नुकसान होते."

माझे वाक्य संपले आणि उजवी पाकळी पडली.

"उजवी! उजवी!" लवू किंचाळला. "देवान दिल्यान! खोटा बोललो, खोटा बोललो!"

मंडप उसळला. सगळ्यांनी एकदम विश्रामभाऊंकडे बोट केले. मी गाभाऱ्याकडे पाहत राहिलो. कौल कोणावर पडला, हे देवाला आणि मला ठाऊक होते. निदान मला तेव्हा तसे वाटले.

"अरे, पण आता ह्येना कबूल केल्यान ना?" विश्रामभाऊ कळवळून म्हणाले. "साकव ह्येचो, मगे खोटो मी कसो?"

"ह्येना एकदाच सांगल्यान, ता पण कानात," भागूकाकी म्हणाली. "तू सोळा सभांत भोंग्यार सांगलंस. देवाक काय मोजूक येणा नाय?"

विश्रामभाऊंनी गाभाऱ्याकडे पाहिले, पाकळीकडे पाहिले, आणि कान पकडले. गुरुजींनी निकाल दिला. विश्रामाने आपल्या बागेतले दोन जुने माड साकवासाठी द्यायचे आणि पाण्यात पहिला पाय त्याने घालायचा. ज्यांनी ज्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले त्यांनी कामाला यायचे. ज्यांच्या तोंडात पान होते त्यांनी पानानंतर यायचे, पण यायचे.

"मान्य?" गुरुजींनी विचारले.

गाव क्षणभर घुटमळला. मग कोणीतरी सुरुवात केली, आणि कबुतरे पुन्हा उडाली.

*

साकव अकरा दिवसांत उभा राहिला. दोन माड आडवे, वर पोफळीच्या फळ्या, धरायला काथ्याचा दोर. विश्रामभाऊ पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तिथूनच त्यांनी एक छोटे भाषण केले. मला सांगायला हवे की ते शेवटच्या दिवसापर्यंत पाण्यात उभे होते; आणि अलीकडे मला वाटते की दिलेला शब्द पाळण्यातली मजा त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होती. तीन वर्षांनी तिथे सिमेंटचा साकव झाला. त्यावर संगमरवरी पाटी आहे: 'श्री. विश्राम धुरी यांच्या अथक प्रयत्नांतून'. त्या वाक्याला कोणी कौल लावलेला नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मैथिली पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी वाचनालयात आली. मी खुर्चीवरून उठलो, मग बसलो, मग पुन्हा उठलो. तिने टेबलावर गेल्या काही शुक्रवारची, परत न आलेली पाच पुस्तके ठेवली.

"सगळी आणली. नावावरून कमी करा," ती म्हणाली. "मी कोल्हापूरला चालले. नर्सिंगला प्रवेश मिळाला. वळशाने जायचं तर पहाटेची गाडी मिळत नव्हती. आता साकवावरून पंधरा मिनिटांत स्टँड."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"साकव चांगला झालाय," ती म्हणाली. दाराशी जाऊन ती थांबली. वळून टेबलावरच्या पुस्तकांकडे एकदा पाहिले आणि गेली.

जिच्या येण्यासाठी देवासमोर खोटे सांगितले, ती त्या साकवावरून निघून गेली. मग, काहीतरी करायचे म्हणून, नोंद करण्यासाठी एकेक उघडू लागलो. शेवटच्या पुस्तकात नेहमीसारखी चिठ्ठी होती. मजकूर मात्र नेहमीचा नव्हता.

"पुस्तके कधीच भिजली नव्हती. डब्याला झाकण होते."

*

त्याच संध्याकाळी भागूकाकी साकव उतरून आली. तिच्या हातात ती चौकीतली पिशवी होती. वाचनालयाच्या पायरीशेजारी तिने काही न विचारता खड्डा खणायला घेतला.

"काकी, हे काय?"

"हवालदार काय म्हणालो? खोट्याक कलम नाय." तिने कलम खड्ड्यात उभे केले आणि माती दाबली. "आसा. ह्या तुका लावतंय. पाणी घाल रोज."

बोलण्यासारखे होते ते तिला आधीच कळले होते. कलमाची काडी पारखणाऱ्या तिच्या नजरेतून मंडपातले माझे खोटे सुटले नव्हते.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. त्या पावसाळ्यात मी रोज छत्री घेऊन त्या कलमाला पाणी घालत असे. पाऊस पडत असताना पाणी का घालतोस, असे लोक विचारीत, तेव्हा मी छत्री थोडी खाली ओढून घेई. श्रावणात एके सकाळी काकी बाजाराला निघाली होती. डोक्यावर कलमांची टोपली होती. ती पायरीपाशी थांबली, वाकली आणि नव्या, तांबूस, अजून ओल्या पालवीला तिने एका बोटाने स्पर्श केला.

"लागला," ती म्हणाली, आणि साकवाकडे पाठ करून हसत हसत बाजाराच्या वाटेला लागली.